एचटी-२ घ्यायचं का? आधी कागद, मग छप्पर, रंग सर्वांत शेवटी

ठाण्याच्या एका गृहस्थांचा प्रश्न थोडक्यात असा. बंद पडलेल्या एका फ्लाइंग क्लबच्या शेडमध्ये एचटी-२ जातीचं जुनं प्रशिक्षण विमान पडून आहे. इंजिन आहे, पंख जागेवर आहेत, कॉकपिटवरची काच फुटली आहे. विकणारा भंगाराच्या भावापेक्षा थोडे जास्त मागतोय. यांचे आजोबा हवाई दलात याच विमानावर मुलांना उडायला शिकवत, त्यामुळे घरातूनही होकार आहे. पंचवीस लाख बाजूला काढलेत. दोन वर्षांत जुहूवरून ते उडवायचं असा बेत आहे. तर किंमत रास्त आहे का?

मी विमान देखभाल अभियंता. नोकरी सांताक्रूझच्या हँगरमध्ये झाली. निवृत्तीनंतर जुनी विमानं जपण्याचंच काम करतो. त्यातली थोडी उडती राहिली, बरीचशी संग्रहालयांत उभी राहिली.

तुम्ही किंमत विचारलीत, पण या सगळ्या खर्चात ती सर्वांत लहान रक्कम असणार आहे. आधी तीन गोष्टी ठरायला हव्यात. हे विमान कायद्याने तुमच्या नावावर होऊ शकतं का? त्याचं तुम्हाला नेमकं काय करायचं आहे? आणि येत्या जूनमध्ये ते कुठे उभं असेल? ही उत्तरं हातात येईपर्यंत इसारासुद्धा देऊ नका. आणि सौदा झालाच, तर पहिलं वर्ष पाना हातात घ्यायचा तो फक्त उघडून बघायला. दुरुस्ती नंतर.

आता विमानाबद्दल. घाई का करू नये ते त्यातूनच कळेल. एचटी-२ हे एचएएलने, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्स या सरकारी विमान कंपनीने, स्वतः आरेखन करून उत्पादनात आणलेलं पहिलं विमान. आरेखनाचे प्रमुख डॉ. विष्णू माधव घाटगे, आपल्या कोल्हापूरकडचे. जर्मनीत गटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली होती. ५ ऑगस्ट १९५१ रोजी एचटी-२ पहिल्यांदा उडालं तेव्हा वैमानिक होते जिमी मुनशी. हे तेच मुनशी, ज्यांनी त्याआधी कानपूरहून बंगळूरला लिबरेटर बॉम्बफेकी विमानं उडवत नेली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर ती विमानं मुद्दाम निकामी करून कानपूरला टाकून दिलेली होती. आपल्या लोकांनी ती जुळवून उभी केली, हवाई दलाने १९६८ पर्यंत वापरली. त्यांतलं एक आज लंडनच्या आरएएफ (ब्रिटिश हवाई दल) म्युझियममध्ये आहे, एक अमेरिकेत अ‍ॅरिझोनाच्या पिमा संग्रहालयात. टाकाऊ ठरवलेलं विमान आपल्याकडे उभं राहू शकतं, याचा याहून मोठा दाखला मला माहीत नाही.

पण एक फरक लक्षात घ्या. टायगर मॉथ ही जुनी ब्रिटिश प्रशिक्षण विमानं आठ हजारांहून जास्त बनली. त्यांचे सुटे भाग, आराखडे, सल्ला देणारी माणसं इंग्लंडमध्ये अजून आहेत. एचटी-२ बनली ती पावणेदोनशेच्या आत. म्हणजे तुमच्या विमानाचा एखादा ब्रॅकेट मोडला, तर तो दुसऱ्या एचटी-२ मधून काढून आणायचा किंवा आराखड्यावरून नवा बनवायचा. मूळ आराखडे एचएएलचे. त्यासाठी पत्रव्यवहार आत्ताच सुरू करा, पण ते मिळतीलच असं धरून बेत आखू नका. दुर्मिळ विमान घेताना लोक त्याच्या मोलाचा विचार करतात. मी आधी हा विचार करतो की त्याच्यातलं काय हरवलं तर परत मिळणार नाही.

आता कागद. क्लबच्या शेडमध्ये विमान आहे म्हणजे ते क्लबचं आहे असं समजू नका. आपल्याकडे सरकारने फ्लाइंग क्लबांना विमानं वापरायला दिलेली असत. मालकी सरकारची, ताबा क्लबचा. हवाई दलाने निवृत्त केलेलं विमान एखाद्या संस्थेला प्रदर्शनासाठी दिलेलं असेल, तर त्या पत्रात अटी असतात आणि पुढे विकायची मुभा बहुतेक नसते. लिलावातून घेतलेलं असेल, तर एमएसटीसी या सरकारी कंपनीची कागदपत्रं निघायला हवीत. माल भंगार म्हणून विकला होता की विमान म्हणून, हे त्यातच कळेल. विकणाऱ्याकडे मागा: मूळ वाटपपत्र किंवा खरेदीची पावती, क्लबच्या कार्यकारिणीचा विक्रीचा ठराव, आणि व्हीटी (भारतातल्या नागरी विमानांची) नोंदणी झालेली असेल तर नोंदणीचं प्रमाणपत्र. नोंदणी रद्द झाली असेल तर कधी आणि कोणत्या कारणाने, हे डीजीसीएकडे, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाकडे, लेखी विचारा. तोंडी उत्तर चालणार नाही.

यानंतर लॉगबुकं, म्हणजे नोंदवह्या: विमानाचं वेगळं, इंजिनाचं वेगळं, प्रॉपेलरचं वेगळं. लॉगबुक नसलेलं विमान उडवण्याच्या दृष्टीने अनामिक असतं. त्याचे किती तास झाले, कोणता अपघात झाला, पंख कधी बदलला, काहीच सिद्ध करता येत नाही. उभं ठेवायचं असेल तर एवढं बिघडत नाही, म्हणून तर उद्देश आधी ठरवा म्हणतो. लॉगबुकं बऱ्याचदा विमानापासून लांब, कुठल्यातरी लोखंडी कपाटात पडलेली असतात. क्लबच्या जुन्या कारकुनाला गाठा. मेकॅनिकपेक्षा तो जास्त उपयोगी पडतो.

तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी बाकी कुणाकडे नसते: आजोबांचं फ्लाइंग लॉगबुक. वैमानिक त्यात प्रत्येक उड्डाणाला विमानाचा प्रकार आणि क्रमांक लिहितो. ते घरात असेल तर आजच काढा. विमानावरचा क्रमांक रंगाखाली दडलेला असतो. धडाच्या बाजूला एखाद्या छोट्या चौकोनात बारीक पॉलिश पेपरने पाणी लावून एकेक थर हलक्या हाताने उतरवत गेलं, की जुने रंग झाडाच्या वर्तुळांसारखे दिसायला लागतात आणि हवाई दलाचा क्रमांक सापडू शकतो. कॉकपिटमधली डेटा प्लेट, म्हणजे विमानाची माहिती कोरलेली पट्टी, मात्र हात न लावता जागेवरच राहू द्या, तिचा फक्त फोटो घ्या. ती विमानाची ओळख आहे, आणि विक्रीच्या गडबडीत सर्वांत आधी चोरीला जाते तीच.

आता उडवण्याबद्दल. हे ऐकायला तुम्हाला आवडणार नाही, तरी स्पष्ट सांगतो. दोन वर्षांत, पंचवीस लाखांत, जुहूवरून हे विमान उडणार नाही. जुहूवर आज मुख्यतः हेलिकॉप्टरांची वर्दळ असते, जवळच मुंबईचा मुख्य विमानतळ आहे, आपल्या देशातल्या अत्यंत गजबजलेल्यांपैकी एक, आणि हँगरची जागा मिळणं हीच मोठी लढाई आहे. जे. आर. डी. टाटा यांनी १९३२च्या कराची-मुंबई उड्डाणाच्या सुवर्णमहोत्सवाला, १९८२ मध्ये, लेपर्ड मॉथ हे जुनं छोटं विमान घेऊन पुन्हा तोच प्रवास केला आणि जुहूला उतरले, हे खरं. पण त्या विमानामागे एअर इंडियाची सगळी देखभाल उभी होती. आपल्या हवाई दलाने टायगर मॉथ आणि डाकोटा हे जुनं वाहतूक विमान पुन्हा उडती केली, ती दोन्ही इंग्लंडमध्ये दुरुस्त करून. राजीव चंद्रशेखर यांनी भेट दिलेलं ‘परशुराम’ नावाचं डाकोटा २०१८ मध्ये तिथून उडत भारतात आलं. डाकोटाच्या कामाला जगभर सुटे भाग मिळतात आणि माणसंही. एचटी-२ ला ती सोय नाही.

मग उडवणं शक्यच नाही का? परिस्थितीवर आहे, आणि त्यातही इंजिनावर फार. काउलिंग, म्हणजे इंजिनावरचं झाकण, उघडून बघा. चार सिलिंडर एका रांगेत, डोकं खाली करून लटकलेले दिसले, तर ते मूळचं १५५ अश्वशक्तीचं सिरस मेजर. ते बनणं कित्येक दशकांपूर्वी थांबलं. सिलिंडर दोन-दोन समोरासमोर आडवे असतील, तर नंतर बसवलेलं लायकमिंग आहे, आणि मग तुमचं नशीब चांगलं, कारण त्या घराण्याची इंजिनं आजही उडतात. त्यांचे भाग मिळतात, ओव्हरहॉल (पूर्ण उघडून दुरुस्ती) करणारे सापडतात. इंधनाचा प्रश्नही पूर्वीइतका अवघड राहिलेला नाही, इंडियन ऑइलने २०२२ मध्ये गुजरातच्या रिफायनरीत पिस्टन विमानांचं एव्हगॅस १०० एलएल हे इंधन बनवायला घेतलं.

इंजिन कोणतंही असो, कौतुकाने प्रॉपेलर फिरवू नका. उलट्या इंजिनात तेल झिरपून खालच्या सिलिंडरच्या डोक्यात साचतं. तेल दाबलं जात नाही. वरून जोर लावला की कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी सगळे स्पार्क प्लग काढा, साचलेलं बाहेर येऊ द्या, सिलिंडरमध्ये पातळ तेल फवारून काही दिवस जाऊ द्या, बोरस्कोप (आत डोकावायची बारीक दुर्बीण) घालून भिंतींवरचा गंज बघा. फिरवण्याचा विचार त्यानंतर.

माझा सल्ला असा: उभं विमान हेच पहिलं ध्येय ठेवा, पण काम असं करा की पुढे कुणाला उडवायचं झालं तर वाट बंद झालेली नसेल. म्हणजे पत्र्यातले खड्डे मोटारीच्या पुट्टीने भरायचे नाहीत. सोयीसाठी नवी भोकं पाडायची नाहीत. काढलेला प्रत्येक भाग, अगदी मोडका बोल्टसुद्धा, चिठ्ठी बांधून पिशवीत जपायचा. नवा घातलेला भाग उड्डाणायोग्य नसेल तर तसं त्याच्यावर आणि वहीत स्पष्ट लिहायचं. हे पंचवीस लाखांत होऊ शकतं, जागेचं भाडं फार नसेल तर. उडत्या विमानाला याच्या कितीतरी पट लागतात, आणि ते एकदा देऊन संपत नाहीत.

जागा हा माझ्या दृष्टीने सगळ्यात कळीचा मुद्दा. विमानाचं धड आणि पंख मुंबई-ठाण्यात आणूच नका. एचटी-२ सगळं धातूचं आहे. तांबं मिसळलेला अ‍ॅल्युमिनियमचा मिश्रधातू, ज्याला आपण ड्युरल म्हणतो, ताकदीला उत्तम आणि खाऱ्या हवेला नाजूक. त्यात पोलादी बोल्ट. ओलावा आणि मीठ मिळालं की बोल्टाभोवतीचं अ‍ॅल्युमिनियम आतून खाल्लं जातं. पांढरी भुकटी दिसते तोवर पत्र्याचे थर वहीच्या पानांसारखे सुटायला लागलेले असतात. मुंबईचा पावसाळा दोन हजार मिलिमीटरच्या वरचा, आणि हवा वर्षभर समुद्राची. घाटावर न्या. नाशिक, पुणे, शिरूर, कुठेही चालेल. कोरडी, पक्क्या फरशीची, हवा खेळती असलेली शेड. पंखांचा विस्तार पावणेअकरा मीटरच्या आसपास आहे, तेव्हा पंख जोडून उभं करायचं तर त्या मापाचं दार आणि आत तेवढी मोकळी जागा बघा. नाशिक मी मुद्दाम पहिलं म्हटलं. ओझरला एचएएलचा कारखाना आहे, आणि तिथून निवृत्त झालेले रिवेटचं काम करणारे हात त्या परिसरात भेटतात. ती माणसं साठी-सत्तरीत आहेत. त्यांना शोधणं मी इंजिनाच्या आधी करीन. इन्स्ट्रुमेंट, मॅग्नेटो, सीट असले लहान भाग हवं तर ठाण्याला घरी आणून काम करा.

विमान हलवण्याचा दिवस हा सर्वांत धोक्याचा. ट्रेलरवाला म्हणेल, गॅस कटरने पंख मुळाशी कापू, पुन्हा वेल्ड करा. स्पार, म्हणजे पंखाचा मुख्य कणा, एकदा कापला की ते विमान कायमचं पुतळा झालं. ड्युरलचा स्पार वेल्डिंगने जुळत नाही, उष्णतेने त्याची ताकदच जाते. पंखांचे जोड सोडवूनच उतरवायचे. पिना अडकलेल्या असतील तर भेदक तेल घालून दिवसेंदिवस थांबायचं, घण मारायचा नाही. बोल्ट बहुतेक जुन्या ब्रिटिश मापांचे निघतील, त्याला आपले मेट्रिक पाने लागत नाहीत, जबरदस्ती केली की डोकं गोल होतं. त्या मापांचे, म्हणजे व्हिटवर्थ, पाने मुंबईत नागदेवी स्ट्रीटला किंवा चोर बाजारात अजून मिळतात. हत्यारं आणि टेकू बनवायचं सामान तिथून जरूर घ्या. विमानात बसणारा बोल्ट मात्र बाजारातून घ्यायचा नाही. चमक सारखी असते, पोलाद सारखं असतंच असं नाही, आणि उड्डाणायोग्य भागासोबत त्याचं प्रमाणपत्र आलंच पाहिजे. विक्रीच्या करारात एक ओळ घाला: विमान सोडवणं खरेदीदाराच्या माणसांच्या देखरेखीखाली होईल, कुठलाही भाग कापला जाणार नाही.

शेडमध्ये पोचल्यावर आधी स्वच्छता. कबुतरांची विष्ठा पत्र्याला खाते आणि माणसाच्या फुफ्फुसालाही चांगली नाही, त्यामुळे मास्क लावा, कोरडं झाडू नका, ओलं करून उचला. सगळे पॅनेल उघडा, गोड्या पाण्याने धुवा, तळाची निचऱ्याची भोकं मोकळी करा, वाळू द्या. सँडब्लास्टिंगवाल्याला शेडच्या आसपास येऊ देऊ नका. पातळ पत्रा ताणला जातो, आणि गंज जिथे खरा असतो त्या दोन पत्र्यांच्या सांध्यात वाळू जाऊन बसते. स्टीलवूलही नको, लोखंडाचे कण अ‍ॅल्युमिनियममध्ये रुतून नवा गंज सुरू करतात. रिवेटच्या डोक्याभोवती काळी रेघ दिसली तर तो रिवेट सैल आहे, त्याचा फोटो आणि जागा वहीत. बदलायची वेळ येईल तेव्हा कळेल की काही ड्युरल रिवेट तापवून, पाण्यात थंड करून, मऊ असतानाच ठोकावे लागतात. थोड्या वेळात ते आपोआप कडक होतात, म्हणून तयार रिवेट फ्रीझरमध्ये ठेवायची पद्धत आहे. हे पुस्तकातून शिकण्याचं काम नाही, त्यासाठीच ती ओझरची माणसं.

दोन धोके लोकांना माहीत नसतात. पहिला, डायल. जुन्या विमानांच्या काट्यांवर आणि आकड्यांवर अंधारात दिसावा म्हणून रेडियमचा रंग असू शकतो. तो आता चमकत नाही, कारण त्यातला चमकणारा पदार्थ थकला, रेडियम तसंच आहे. त्याचं अर्धायुष्य सोळाशे वर्षांचं. तपकिरी पडलेले जाडसर आकडे दिसले तर काच उघडू नका, खरवडू नका, मुलांच्या हाती देऊ नका. अणुऊर्जा नियामक मंडळाचं मुख्यालय आपल्या अणुशक्तीनगरलाच आहे, त्यांना लिहून पुढची पद्धत विचारा. दुसरा, पत्र्यावरचा हिरवट-पिवळा प्रायमर. तो क्रोमेटचा असतो आणि त्याची धूळ कर्करोगकारक आहे. कोरडा घासायचा नाही, कधीच. तुमचं विमान पिस्टन इंजिनाचं आहे म्हणून बरं. जेट घेणाऱ्याला याशिवाय इजेक्शन सीटमधल्या स्फोटक काडतुसांचीही काळजी घ्यावी लागते.

रंगाबद्दल तुम्ही फोटो पाठवून विचारलंत, की हवाई दलाचा मूळ रंग आधी लावून घेऊ का, म्हणजे घरच्यांना दाखवता येईल. नको. रंगाखाली गंज दिसत नाही. तपासणी पुरी होऊन, गंज काढून, नवा प्रायमर लागल्याशिवाय रंगाचा डबा उघडू नका. बंगळूरच्या एचएएल संग्रहालयात एचटी-२ उभं आहे. तोवर घरच्यांना ते दाखवून आणा, आणि त्याच फेरीत कॉकपिटचे, चाकांच्या जोडांचे, पॅनेलच्या मागच्या बाजूंचे परवानगी घेऊन भरपूर फोटो काढा. पुढे तेच तुमचे आराखडे ठरतील.

तर क्रम असा: मालकीचे कागद, डीजीसीएचं लेखी उत्तर, घाटावरची शेड, देखरेखीखाली सोडवणं, धुणं-वाळवणं, वर्षभर नोंदी. इंजिनाचा निर्णय त्यानंतर. कागद पटले नाहीत तर विमान कितीही आवडलं तरी सोडून द्या, पण त्याआधी त्याचे सगळे क्रमांक टिपून ठेवा. खरा मालक दुसरा निघाला तर त्याच्याशी बोलता येतं. आणि पावसाळ्याआधी व्यवहार होत नसेल, तर शेडच्या मालकाला विचारून निदान कॉकपिट ताडपत्रीने झाका. ताडपत्री पत्र्याला चिकटू देऊ नका, बांबूचा सांगाडा करून वर धरा, खालून हवा जात राहिली पाहिजे.

काउलिंग उघडल्यावर इंजिनाचा, डेटा प्लेटचा आणि दोन्ही पंखांच्या मुळाशी असलेल्या जोडांचा फोटो पाठवा. त्या जोडांवरचा गंज बघितल्यावर विकणाऱ्याच्या किमतीबद्दल माझं मत लगेच देईन.